नाव घातलेली पुस्तकं

शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलात आणि कुरखेडीच्या फाट्यावर उतरलात, तर समोर दोन खोल्यांची एक पक्की इमारत दिसेल. वर गच्ची, पुढे ओटा, ओट्यावर सकाळी सातपासून पेपरसाठी भांडणारी पाच-सात म्हातारी मंडळी. ही इमारत कुण्या शेठने बांधलेली नाही आणि कुण्या पुढाऱ्याने मंजूर करून आणलेली नाही. दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी नाही, कारण सगळ्या दात्यांची नावं लावायची म्हटली असती तर खिडक्यांना जागा उरली नसती. ती नावं आत आहेत, पुस्तकांच्या पहिल्या पानावर, आणि त्यांतली बहुतेक माझ्या हातची आहेत. हे मी फुशारकीने सांगतो आहे. ज्याला फुशारकी सोसत नसेल त्याने इथेच थांबावं.

गोष्ट मात्र माझी नव्हे. गोष्ट यशोदाबाई शिंपी यांची, म्हणजे आमच्या यशोदाअक्काची. मी रुपचंद वाणी, तिचा शेजारी. बाजारपेठेत तिचं टोपी-टॉवेलचं दुकान, माझं भांड्यांचं, आणि दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत. तिच्या मशीनची खडखड माझ्याकडे ऐकू यायची आणि माझी भांड्यांवरची ठोकठोक तिच्याकडे. दोघांचीही पोटं लोकांच्या लग्नांवर आणि मरणांवर चालायची. गावात कोणी आजारी पडलं की आम्ही दोघंही मनापासून काळजी करायचो, पण माल भरायला धुळ्याच्या पाचकंदील बाजारातही जाऊन यायचो.

ज्याला आमच्या खानदेशची रीत ठाऊक नाही त्याला सांगतो. आमच्याकडे साखरपुडा असो, लग्न असो, घरभरणी असो की दहावं असो, टोपी-टॉवेल झालाच पाहिजे. दहाव्याला तर ज्याचा बाप गेला त्याला मध्ये बसवतात आणि नातेवाईक एकेक करून त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. दुसऱ्याची टोपी आली की पहिल्याची काढायची. बिचारा दुःखातला माणूस, पण तासभर टोप्या घालत-काढत बसतो. शेवटी बाजूला टोप्यांची ही रास पडते.

त्या टोप्यांचं पुढे काय होतं? काहीच होत नाही. मांजरपाटाची, खळ घालून ताठ केलेली ती टोपी पाणी लागलं की मान टाकते, त्यामुळे ती कोणी घालत नाही. ती घडीसकट ट्रंकेत जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या डोक्यावर घटकाभर बसून तिसऱ्याच्या ट्रंकेत जाते. अक्काने एकदा गंमत म्हणून एका टोपीच्या आतल्या पट्टीला निळ्या दोऱ्याचे तीन टाके घातले होते. चार वर्षांनी तिच्याच मुलाच्या, वनाच्या, लग्नात कुणीतरी तीच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. घडी जशीच्या तशी. अक्का भर मांडवात इतकी हसली की व्याह्यांचा गैरसमज झाला आणि तो निस्तरायला मला मध्ये पडावं लागलं.

ही अक्का सातवी पास. नवरा लवकर गेला, मुलगा लग्नानंतर सुरतला मिलमध्ये लागला, घरात म्हातारे सासरे आणि ही. शरीराने काडी, जिभेने कुऱ्हाड. आणि एक व्यसन: वाचन. भस्म्या झालेला माणूस जसा समोर येईल ते खातो, तशी ती वाचायची. टोपीची कड हाताने उलटवायचं काम असलं की पुस्तक गल्ल्याला टेकवून ठेवायची. बोटं टोपीत, डोळे पुस्तकात. गिऱ्हाईक आलं तर पान संपेपर्यंत त्याने उभं राहायचं, असा नियम होता. माझ्या दुकानात असं केलं तर माणूस वळून पाहणार नाही, पण तिच्याकडे लोक उभे राहायचे.

ही पुस्तकं येत मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेतून. तिथे एका खोलीत कुरखेडी सार्वजनिक वाचनालय होतं. ग्रंथपाल जीवराम. माणूस सज्जन, पण पुस्तकांशी त्याचं नातं रखवालदाराचं. अक्काने तिथलं सगळं वाचून काढलं होतं, काही काही दोनदा. एका रहस्यकथेची शेवटची आठ पानं फाटलेली निघाली, तर ही बाई खुनी कोण हे विचारायला भर जेवणाच्या वेळी जीवरामच्या घरी गेली. त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने ती वाचलीच नव्हती. त्या गुन्ह्याबद्दल तिने त्याला पुढे दोन वर्षं ऐकवलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की हल्ली भाषणांत अक्काला समाजसेविका म्हणतात. तसलं काही नव्हतं. तिला समाज सुधारायचा नव्हता, तिला वाचायला हवं होतं.

शहाऐंशी सालच्या सुरुवातीला धुळ्याहून ग्रंथालयांचे साहेब तपासणीला आले. धर्मशाळेच्या त्या खोलीचं छत गळत होतं, एका कपाटाला वाळवीने आतून पोखरलं होतं. साहेबांनी पुस्तकं मोजली, तर वापरता येण्यासारखी नियमाच्या निम्मीसुद्धा भरली नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन वर्षांची मुदत दिली. तेवढ्यात कोरडी जागा हवी, नियमाएवढी वेगवेगळी पुस्तकं हवीत, आणि ती वाचली जातात हे दिसायला हवं. नाहीतर वाचनालयाची मान्यता जाईल. मान्यता गेली की अनुदान बंद, आणि अनुदान नाही तर जीवरामचा पगार नाही, नवीन पुस्तकं नाहीत, पेपर नाहीत. उरलेली पुस्तकं गोण्यांत भरून तालुक्याला पाठवून द्यावीत, असंही वाचनालयाच्या समितीने लगेच ठरवून टाकलं. काही करायचं नसलं की आमच्या गावात ठराव फार लवकर होतात.

मग सभा झाली. चहा झाला. वाचनाचं महत्त्व या विषयावर अशा लोकांची भाषणं झाली ज्यांनी लग्नपत्रिकेपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. तोताराम शेठ मिरचीचे मोठे व्यापारी. ते म्हणाले, मी जागा देतो, वर लग्नाचा हॉल बांधू आणि जिन्याखाली वाचनालय करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का बायकांच्या बाजूला बसली होती, ती उठून सरळ घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून मशीनचा आवाज आला नाही म्हणून मी डोकावलो, तर रिकाम्या गल्ल्यावर हात ठेवून बसली होती. मला म्हणाली, भाऊ, गोण्या भरून नेल्या तर मी काय वाचू? मी म्हटलं, पेपर वाच. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच दुकानात परतलो.

त्याच वर्षी वैशाखात अक्काचे सासरे वारले. नव्वदीचा माणूस, मोठा गोतावळा. दहाव्याला नदीकाठी दीड-दोनशे माणूस. वना सुरतहून आलेला, डोकं भादरून मध्ये बसलेला. लोकांच्या काखेत टोप्या-टॉवेलच्या पुड्या, त्यातल्या निम्म्या अक्काच्याच दुकानातून घेतलेल्या. मामाने पहिली टोपी ठेवली, आणि अक्का पुढे आली. बाईने तिथे बोलायची रीत नाही. पण ती उभी राहिली आणि म्हणाली, "पंधरा वरीसपाईन मी टोप्या इकस. माले ठाऊक शे, एकबी टोपी कोन्हा डोकावर टिकत नही. मामानी एक ठेवी, दुखवटा फिटी गया. आते ज्याले देनं व्हई त्यानी वाचनालयले एक पुस्तक द्या."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग कुजबूज. टोपीवालीच टोपी नको म्हणते! म्हातारे रागावले, तरुणांना हसू आवरेना. मी मनात म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. रीत मोडली याचं मला काही नव्हतं, मी काही धर्माचा ठेकेदार नाही. पण माणसाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तो किती जोरात? ते मी तिला संध्याकाळी बोलूनही दाखवलं. तिने मला सांगितलं की तुमच्या पायावर पडलेला नाही ना, मग तुम्ही कशाला कळवळता.

पंधरवड्यात पुस्तकं यायला लागली. कसली म्हणाल तर, एकवीस आरतीसंग्रह, सहा लोणच्या-मुरंब्यांची पुस्तकं आणि तीन पत्रलेखनाची. एकाने मागच्या वर्षाचं पंचांग आणलं आणि वर म्हणाला की पुस्तक ते पुस्तक. स्टँडवरच्या टपरीत तेवढंच मिळायचं, लोकांचा दोष नव्हता. अक्काने धुळ्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला गाठलं, महिन्याला एक पेटी तिच्याकडे पाठवायला लावली, आणि ज्या मांडणीत टोप्या असत तिथे पुस्तकं रचली. कार्याला जाणाऱ्या माणसाने दुकानात यायचं, टोपी मागायची, आणि अक्काने त्याच्या हातात पुस्तक द्यायचं. ते टोपी-टॉवेलच्या जोडीपेक्षा स्वस्तही पडायचं. आमच्या लोकांना पुण्याची हौस आहे आणि स्वस्ताईची त्याहून जास्त आहे. दिवाळीपर्यंत आजूबाजूच्या पाच-सहा गावांत पुस्तकाचा आहेर सुरू झाला. मिळालेलं पुस्तक लोक रीतसर वाचनालयात जमा करू लागले.

तोताराम शेठचा हॉल टाळ्यांपुढे सरकला नव्हता, म्हणून जागेचा प्रश्नही तिने असाच सोडवला. टोप्यांचा खप घटला होता, दुकान अर्धं रिकामं. त्या अर्ध्यात तिने जीवरामचं टेबल, दोन कपाटं आणि एक बाकडं आणून टाकलं. छत पक्कं, भिंती कोरड्या. स्वतः उरलेल्या अर्ध्यात शाळेचे गणवेश आणि परकर शिवायला बसली. शिंप्याच्या घरची बाई, उपाशी राहणार नव्हती, पण टोप्यांवर जे सुखाने चाललं होतं ते संपलं हे मी डोळ्याने पाहत होतो. त्या वर्षी तिने घराला चुना दिला नाही.

आणि मग तो घोटाळा झाला, जो आमच्याशिवाय कोणी करणार नाही.

पुस्तक दिलं खरं, पण लोकांच्या लेखी ते आहेराचंच होतं. आहेराची वस्तू फोडायची नाही, ती पुढे द्यायला लागते, हे आमच्या हाडात भिनलेलं. लोकांनी पुस्तकं चकचकीत कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून दिली होती, आणि ती तशीच राहावीत अशी त्यांची अपेक्षा होती. सभासद कपाटापुढे उभे राहून बाहेरून पाहत आणि जात. एक दिवस एक गृहस्थ आले आणि अगदी सहज म्हणाले, "अक्का, मनं पुस्तक फोडेल नही ना? मंग दे माले. मना सालानं लगीन शे." जीवराम भिडस्त. मेव्हण्याच्या लग्नाला नाही कसं म्हणणार? ज्याचं त्याला देऊन टाकलं. त्याचं पाहून दुसरा आला, मग तिसरा. लग्नसराईत तर रांग लागली. टोप्या फिरत तशीच पुस्तकं फिरू लागली, ट्रंकेतून मांडवात आणि मांडवातून ट्रंकेत, वाचनालयात चार दिवस मुक्काम करून. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मोजदाद केली तर चारशेतली दीडशे गेलेली, आणि उरलेल्यांतली बरीच दोरीसकट.

तपासणीला आठ महिने होते. त्या दिवशी मी अक्काला पहिल्यांदा हरलेली पाहिली. दुकान गेलं, टोप्या गेल्या, आणि पुस्तकंही चालली. ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मी एका कळशीवर नाव घालत होतो. छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन, टिंबाटिंबांनी. ती ऐकत बसली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं की भाऊ, तुमची भांडी का परत येत नाहीत? आहेराचीच तर असतात.

मी म्हटलं, अगं, नाव घातलेलं भांडं कोण पुढे देणार? कळशीवर 'कै. अमक्याच्या स्मरणार्थ' असलं की ती त्या घरची झाली. बापाचं नाव घातलेली कळशी मेव्हण्याच्या लग्नात दिली तर लोक तोंडात शेण घालतील.

हे बोललो आणि माझी हातोडी थांबली. तिनेही माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं मी नावं घालत होतो, आणि त्यात एवढं काही आहे हे मला त्या क्षणी कळलं. अक्का उठली, आत गेली आणि पुस्तकांचा एक ढीग घेऊन आली. माझ्यासमोर तिने एकेकाची दोरी तोडली, कागद फाडला, पहिलं पान उघडलं आणि म्हणाली, घाला नाव.

माझं अक्षर चांगलं आहे. दौत-टाक आणले आणि त्या दिवसापासून रोज दुपारी भांडी बाजूला ठेवून मी पुस्तकांवर नावं घालू लागलो. जे वारले त्यांच्यासाठी 'स्मरणार्थ', ज्यांचं लग्न त्यांच्यासाठी वधूवरांची नावं आणि तिथी. देणाऱ्याला आम्ही आधी विचारायचो. थोडे कुरकुरले, पण नाव घालू नका असं म्हणायची छाती कोणाची झाली नाही. बाप मेल्यावर त्याचं नाव नको कसं म्हणणार? एकदा नाव पडलं की पुस्तक हलत नव्हतं. जी दीडशे बाहेर गेली होती त्यांच्या मागे अक्का स्वतः गेली, साक्रीपर्यंत. लोकांच्या ट्रंका उघडायला लावून तिने ऐंशी-नव्वद पुस्तकं वसूल करून आणली.

यानंतर जे झालं ते मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लोक नाव पाहायला यायला लागले. शेतकरी माणूस, आयुष्यात वाचनालयाची पायरी चढला नव्हता, तो बाजाराच्या दिवशी येऊन विचारायचा, मना बाप कोठे शे? जीवराम पुस्तक काढून द्यायचा. माणूस पहिल्या पानावरचं नाव वाचायचा, त्यावर बोट फिरवायचा, आणि मग मागचं पान उघडायचा. तिथे पुस्तक किती वेळा बाहेर गेलं त्याच्या तारखा असतात. बाप सहा वेळा बाहेर गेला आणि भाऊबंदाचा बाप अकरा वेळा, हे कळलं की त्याचं तोंड उतरायचं. दुसऱ्या दिवशी हा घरच्यांना, शेजाऱ्यांना, गड्याला पाठवणार: जा, आपलं पुस्तक घेऊन ये. घेऊन आलेला माणूस रिकामा बसला की नाइलाजाने दोन पानं वाचायचा. दोनची चार व्हायची. एकाने पुस्तकावर चहा ठेवला तर थेट पंचायतीत तक्रार गेली, "मना बापवर कपबशी ठेवी त्यानी." सरपंचांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कपबशी ठेवणाऱ्याला ते पुस्तक पूर्ण वाचायची शिक्षा दिली. त्याने भोगली, आणि पुढे तो नियमित सभासद झाला.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत साहेब आले. तेच साहेब. अक्काने दुकान सारवून घेतलं होतं, जीवरामने इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि बाहेर अर्धं गाव जमलं होतं, कारण प्रत्येकाचा कोणीतरी आत कपाटात होता. साहेबांनी जागा पाहिली, मान डोलावली. पुस्तकं मोजली, नियमाहून साठ जास्त भरली. वेगवेगळी आहेत ना, हेही पाहिलं. आरतीसंग्रह एकच धरला, त्याला आमची हरकत नव्हती. मग त्यांनी देवघेवीचं रजिस्टर मागितलं, आणि तिथे अडलं.

एका पुस्तकाच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. 'कै. सुंदरबाई यांच्या स्मरणार्थ.' एका गलबतातून देशोदेशी केलेल्या सफरीचं जाडजूड पुस्तक. सहा महिन्यांत सव्वीस वेळा दिलेलं, आणि सव्वीसही वेळा एकाच माणसाला: अभिमन, राहणार कुरखेडी, धंदा शेती. साहेबांनी चष्मा काढला. ते शांतपणे म्हणाले की अशा नोंदी मी पुष्कळ गावांत पाहिल्या आहेत, तपासणीच्या आधी बसून एका हाताने भरलेल्या. हे एक खोटं असेल तर बाकीचंही मला खरं धरता येणार नाही. जीवराम खोटं लिहिणारा माणूस नव्हता, पण घाबरला की त्याची वाचा बसायची. मी बोलायला गेलो तर साहेबांनी हात वर केला. अक्का परकराचा तुकडा मुठीत धरून उभी होती. दोन वर्षांचं सगळं त्या एका ओळीवर येऊन टेकलं होतं.

बाहेरच्या गर्दीतून कुणीतरी अभिमनला पुढे ढकललं. चाळिशीचा, उन्हाने करपलेला, मितभाषी माणूस. ते पुस्तक त्याच्या काखेतच होतं, पिशवीत गुंडाळलेलं. साहेबांनी विचारलं, हे पुस्तक तुम्ही सव्वीस वेळा नेलं?

त्याने मान हलवली. "साहेब, मी हळू वाचस. चवथीपावत शिकेल शे. दिवसले दोन पानं व्हतस. सात दिवस झायात का नवी तारीख टाकी लेस."

साहेब म्हणाले, मग यात काय आहे ते सांगा पाहू.

आणि अभिमन सांगू लागला. जो माणूस बाजारात भावसुद्धा खाणाखुणांनी सांगायचा, तो गलबत कसं निघालं, कोणत्या बंदरात पाणी भरलं, वादळात डोलकाठी कशी मोडली, कोणत्या बेटावरच्या बायका नाकात शिंपल्या घालतात, हे एकामागून एक सांगत राहिला. मध्येच त्याने साहेबांना विचारलंही की समुद्राचं पाणी खरंच इतकं खारं असतं का, तुम्ही पाहिलंय का. साहेबांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, असतं. बाहेरची माणसं दारापर्यंत सरकली होती.

शेवटचं बंदर झालं तसा तो थांबला. मग पुस्तक पिशवीतून काढून त्याने पहिलं पान उघडलं, माझ्या हातचं नाव साहेबांना दाखवलं आणि म्हणाला, "ही मनी माय. पहिले मी नुसतं नाव पाहाले ली जाऊ. मंग म्हनं, मायना नावखाले काय लिखेल शे ते तरी पाहू. जित्ती व्हती तवय ती चुल्हापाईन हालनी नही, साहेब. शिंदखेडाबी दखं नही तिनी. आते मनं वाचीसन व्हयनं. द्या दुसराले. फिरू द्या तिले."

साहेबांनी रजिस्टरवर सही केली. ती करताना त्यांनी चष्मा पुन्हा लावला नव्हता, त्यामुळे सही ओळीच्या बरीच वर गेली. मी भांडीवाला माणूस, माझे डोळे सहसा भरत नाहीत. त्या दिवशी भरले, आणि मी ते पुसलेही नाहीत, कारण ते नाव मी घातलं होतं. पुढे तीन वर्षांनी पंचायतीने फाट्यावरची जागा दिली आणि त्याच लोकांनी, ज्यांचे आईबाप कपाटात होते, विटा वाहून इमारत उभी केली. पण मला विचाराल तर सांगेन, वाचनालय बांधून झालं ते त्या दुपारीच.

अभिमनने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतला. ते न्यायला तिघं-चौघं एकदम पुढे झाले. पण अक्काने सगळ्यांना कोपराने बाजूला सारलं. गेले सहा महिने त्या पुस्तकासाठी ती जीवरामचं डोकं खात होती आणि दर वेळी ते अभिमनकडेच असायचं. साहेबांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही समितीत कोण? अक्काने सांगितलं की मी कोणी नाही, मी वाचते. मग तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, सव्वीस अभिमनांच्या खाली आपलं नाव लिहून घेतलं, आणि सुंदरबाईंना छातीशी धरून आतल्या खोलीत गेली. गणवेश घ्यायला आलेल्या लोकांना त्या दिवशी मीच उद्या या म्हणून परत पाठवलं.